पडद्यावरचे हात

प्रिय बारक्या,

तुझा व्हिडिओवरचा निरोप पोचला. आईनं तो बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला, मग फोन पालथा ठेवला आणि भाजी चिरायला बसली. तुला उत्तर हवंय हे मला माहीत आहे. ते देतेच, पण माझ्या पद्धतीनं. फोनवर जमत नाही. तुझा आवाज ऐकला की तोंड कडू होतं, मग मी एक तर भलतंच बोलून ठेवते नाहीतर फोन ठेवून देते. कागदावर निदान पुढचं वाक्य मागच्याला धरून येतं, आणि तुला मध्येच 'ताई, ऐक तर' म्हणता येत नाही.

आधी घरचं सांगते. आईचा गुडघा बरा आहे, कठडा धरून जिना चढते. स्वयंपाकघरातला नळ अखेर दुरुस्त झाला. खालच्या मजल्यावरच्या बाई पुन्हा तक्रार घेऊन आल्या होत्या, भल्या सकाळी भांडी किती आदळता म्हणून. बहिऱ्यांच्या घरात शांतता असते असं ज्यांना वाटतं, त्यांना आपल्याकडे एक सकाळ राहायला बोलवायला हवं. मी आईला सांगितलं, तर ती साळसूदपणे म्हणाली की मला तर काहीच ऐकू आलं नाही, त्यांना भास होत असतील. मी ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्या हसल्या आणि चहा घेऊन गेल्या. एवढं सोडलं तर या घरात गेल्या काही महिन्यांत हसण्यासारखं काही झालेलं नाही.

दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर तुम्ही कंपनीवाल्यांनी आईच्या हातांचं चित्र लावलंय. तू ते तिथे उभा राहून बघितलं नसशील. मी बघते, कारण दुभाषी म्हणून बोलावलं की मला त्याच दारानं आत जावं लागतं. माणसाच्या उंचीपेक्षा मोठं चित्र आहे. निळ्या रंगावर दोन हात, मनगटापाशी छाटलेले. खाली लिहिलंय, 'सर्वांनी मिळून घडवलेली जबाबदार कृत्रिम बुद्धिमत्ता. आम्ही तुमचा आवाज ऐकतो.' बहिऱ्या माणसांना 'तुमचा आवाज ऐकतो' असं सांगणारा शहाणा कोण ते मला माहीत नाही, पण ते वाक्य छापायला जाण्याआधी तुझ्या टेबलावरून गेलं असणार. आईच्या उजव्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डागही पुसून टाकलाय. हात स्वच्छ, गुळगुळीत, कुणाचेच नसल्यासारखे. रस्त्यावरची घाण चुकवत जावं तशी मी खाली बघत आत शिरते.

तुला आठवतं का, लहानपणी भांडण झालं की तू काय करायचास? डोळे गच्च मिटून घ्यायचास. आई-बाबांना रागावताच यायचं नाही, कारण त्यांचं रागावणं बघणार कोण. बाबा तुझ्या पापण्या बोटांनी उघडायचे आणि उघडल्यावर त्यांनाच हसू फुटायचं. छापखान्यात यंत्रांचा एवढा खडखडाट असायचा की ऐकू येणारे कामगार वैतागून सोडून जायचे. बाबा मात्र आपले मजेत. घरी आले की दिवसभराचं सगळं हातांनी, भुवयांनी, गालांनी, खांद्यांनी सांगायचे. आपण दोघं बोलायला शिकलो शेजाऱ्यांकडून आणि रेडिओवरून, पण भाषा शिकलो ती या दोघांच्या चेहऱ्यांवरून. बाहेरच्यांना वाटतं, खुणांची भाषा म्हणजे हातवारे. तुला-मला असं कधीच वाटलं नाही. हातांनी 'जेवलीस' म्हटलं आणि भुवया वर गेल्या की तो प्रश्न. भुवया जागच्या जागी राहिल्या की ती बातमी. मान हलली की नकार. हात तेच, खूण तीच. दूधपित्या वयापासून हे तुला कळतंय. मी ते पुन्हा लिहितेय ते तुला शिकवायला नाही. तुला माहीत होतं, एवढं मला या कागदावर यायला हवंय.

तू ती कल्पना घेऊन आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. आईच्या समोर खुर्ची ओढून बसलास आणि किती सुंदर बोललास. बाबांचे हात आले होते तुझ्या हातांत. दवाखान्यात, कचेरीत, पोलीस ठाण्यात बहिऱ्या माणसाला वेळेवर दुभाषी मिळत नाही, म्हणालास. आता पडद्यावर एक बाई असेल, खरी नव्हे, पण कधीही हजर. समोरचा बोलेल ते ती खुणांनी सांगेल. आणि या वेळी यंत्र आधी बनवून मग आपल्या लोकांच्या गळ्यात मारायचं नाही. आधी आपल्या लोकांना विचारायचं. काय चालेल, काय चालणार नाही, ते तेच ठरवतील. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या शाळेत हात पाठीमागे धरायला लावून ओठ हलवायला शिकवलं होतं. तिला कशाबद्दल काय वाटतं ते उभ्या आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. आता विचारायला तिचा स्वतःचा मुलगा आला होता.

म्हणून मी माणसं गोळा केली. बहिऱ्या मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आले, ते स्वतः बहिरे, आणि कुणाच्या भिडेला न पडणारे. वेल्डिंगच्या कामावरचा खळीचा नवरा सुट्टी टाकून आला. आणि खळी आली. तिची ओळख तुला करून द्यायला नको. गालाला बोट टेकवून फिरवलं की ती खळी, हे नाव तूच तिला दिलंस, ती पहिल्यांदा आपल्या घरी आली तेव्हा. तिच्या घरी कुणालाच खुणा येत नव्हत्या. पोर नुसती भिरभिर बघत असायची. आईनं तिला शेजारी बसवून एकेक वस्तू दाखवत भाषा शिकवली, आणि वर्षभरात ती तुझ्याशी पत्त्यांत लबाडी करून वर वाद घालायला लागली. शिवणकाम शिकली, दुकान टाकलं, लग्न केलं, पण आईला विचारल्याशिवाय तिनं आयुष्यात काही ठरवलं नाही.

खरं ते सांगते, पहिल्या बैठका चांगल्या होत्या. तेवढं तुमच्या पदरात टाकते. पहिल्याच दिवशी पडद्यावर चित्रं दाखवायला तुमच्या माणसांनी दिवे मालवले आणि सगळ्यांचं बोलणंच बंद पडलं. मास्तरांनी उठून दिवे लावले. तुमच्या मोठ्या बाई वरमल्या, माफी मागितली, आणि नंतर त्या खोलीतले दिवे कधी मालवले गेले नाहीत. हिरव्या कपड्यासमोर प्रत्येकाला उभं करून हातांना बारीक टिकल्या लावून चित्रण झालं. आईचे हात सगळ्यांत स्वच्छ दिसतात म्हणून तिचं सर्वांत जास्त. यंत्रावरचा माणूस आईला म्हणाला, चेहरा जरा स्थिर ठेवा, हिशेब अवघड होतो. मी ते आईला सांगितलं, तर तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग खळी पुढे झाली. तिनं सगळ्यांसमोर एकच खूण दोनदा केली, एकदा भुवया वर करून, एकदा तशीच. पहिल्यांदा, तुझं लग्न झालं का. दुसऱ्यांदा, तुझं लग्न झालं. यंत्रावरचा माणूस अविवाहित होता, तो लाजला, सगळे हसले. कुणाला कळलं नाही असं नाही, बारक्या. सगळ्यांना कळलं. मोठ्या बाईंनी मान डोलावली, कुणीतरी टिपून घेतलं. आणि तू उठून उभा राहिलास, दोन्ही हात वर करून सगळ्यांचं लक्ष वेधलंस आणि आमच्या भाषेत म्हणालास, "चेहऱ्याशिवाय ही बाई या खोलीबाहेर जाणार नाही. माझा शब्द." सगळ्यांनी हात हवेत हलवून टाळ्या दिल्या. आईनं माझ्याकडे बघून नुसती छाती ठोकली.

मग हळूहळू सगळं पातळ होत गेलं. बैठकीला बोलावणं यायचं, पण जे ठरवायला बोलावलं ते आधीच ठरलेलं असायचं. एका बैठकीत दुपारभर पडद्यावरच्या बाईनं कुठल्या रंगाचा सदरा घालावा यावर मतं घेतली. दुसऱ्या बैठकीत तिचं नाव काय ठेवावं. वेल्डरनं आपली अर्धी सुट्टी त्या नावापायी घालवली. टेबलावर बिस्किटं, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या, आणि सारखे फोटो. खळी बोलायला लागली की फोटोवाला धावत पुढे. तिचं बोलणं संपायच्या आत तो पुढच्या माणसाकडे. मी ते 'विविध घटकांचा सहभाग' आणि 'समावेशक प्रक्रिया' वगैरे मराठीतून खुणांत आणता आणता थकून जायचे, कारण त्या शब्दांच्या आत काही नसतं, आणि आमच्या भाषेत आत काही नसलेलं बोलताच येत नाही. मास्तरांनी विचारलं, चेहऱ्याचं काय झालं. पुढच्या टप्प्यात, मोठ्या बाई म्हणाल्या. मास्तरांनी विचारलं, आम्ही सगळ्यांनी मिळून हे थांबवा म्हटलं तर थांबेल का. बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, हा फारच महत्त्वाचा प्रश्न आहे. मास्तर उत्तराची वाट बघत माझ्या हातांकडे बघत राहिले. माझे हात रिकामे होते, कारण बाईंचं बोलणं संपलं होतं. तू त्यांच्या शेजारी बसला होतास आणि पेनाचं टोपण काढत-घालत होतास.

पुढचा टप्पा आलाच नाही. पडदा आला. दवाखान्यात तपासणीच्या प्रत्येक खोलीत चाकांच्या स्टँडवर एकेक. सुंदर बाई, निळा सदरा, गोड हसरा चेहरा. आणि तो चेहरा तसाच. काहीही सांगताना तसाच. आम्हा तिघी दुभाष्यांना निरोप मिळाला की आता रोज यायचं कारण नाही, गरज पडली तर बोलावू. गरज कुणाला पडणार? पडद्याला काय कळत नाही हे समजायला आमच्यापैकी कुणीतरी तिथे असायला हवं ना. एकीनं पाळणाघरात नोकरी धरली, दुसरी नवऱ्याबरोबर परगावी गेली. मी अधूनमधून बोलावण्याची वाट बघत घरून शिकवण्या घ्यायला लागले.

खळीला आठवा महिना होता. दुकानात कपडा बेतत असताना रक्त दिसलं. शेजारच्या दुकानवाल्या बाईंनी तिला रिक्षात घातलं, दवाखान्याच्या दारात सोडलं. नवरा दूरच्या कामावर होता, त्याला निरोप धाडला. आतल्या परिचारिकेनं रीतसर सगळं केलं, तिला मी दोष देत नाही. नाडी बघितली, पडदा ओढून खाटेजवळ आणला आणि बाळंतपणाच्या आधी सगळ्यांना विचारतात ते प्रश्न विचारायला लागली. त्यातला एक प्रश्न, यापूर्वी तुमचं एखादं मूल दगावलंय का. पडद्यावरच्या बाईनं हात हलवले. मूल, आधी, गेलं. भुवया जागच्या जागी, चेहरा हसरा.

तुला आणखी काही सांगायची गरज नाही, पण मी सांगणार आहे. खळीनं विचारलं, काय म्हणालात. परिचारिकेनं पुन्हा दाखवायचं बटण दाबलं. तेच हात, आणि खळीला त्यातून कळलं, मूल आधीच गेलं. खळी ओरडली. परिचारिकेला वाटलं कळा असह्य झाल्या. डॉक्टरीण आली, तपासलं, बाळाचे ठोके ठीक आहेत पण वाट बघण्यात धोका आहे, शस्त्रक्रिया करू, म्हणाली. पडद्यानं त्यातलं जे काय सांगितलं असेल त्यातून खळीला एवढंच कळलं की मेलेलं मूल आता पोट कापून काढणार आहेत. ती कुणाला हात लावू देईना. सलाईनची सुई उपसून टाकली. मग दोघांनी तिचे हात धरले आणि पट्ट्यांनी खाटेला बांधले, तिच्याच भल्यासाठी. तुला कळतंय ना काय बांधलं ते? आईच्या शाळेतल्या बाईंनी जे केलं होतं तेच. तिचं तोंड बांधलं त्यांनी. आणि ती बघू शकत होती ती एकच गोष्ट, समोरचा पडदा, आणि त्यातली ती हसरी बाई.

मला दवाखान्यानं बोलावलं नाही. तिचा नवरा पोचला, त्यालाही परिचारिकेनं तेच विचारलं, पडद्यानं तेच दाखवलं, आणि तो दारातच खाली बसला. त्यानं बसल्या जागेवरून मला व्हिडिओ लावला आणि नुसते हात हलवत राहिला, काय म्हणतोय ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. मी गेले. परिचारिकेशी बोलले, डॉक्टरणीशी बोलले, पट्ट्या सोडवायला लावल्या. खळीसमोर उभी राहून सांगितलं, बाळ जिवंत आहे, ठोके चालू आहेत, तो प्रश्न होता, बातमी नव्हती. तिनं माझ्याकडे बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. आणि मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास बसला नाही. तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस, म्हणाली. त्या क्षणी मला कळेना की जिच्याशी मी लहानपणापासून बोलतेय ती माझ्यापेक्षा त्या बाहुलीवर का विश्वास ठेवतेय. ते नंतर कळलं, आईमुळे.

मुलगी झाली. धडधाकट, काळ्याभोर केसांची. खळीच्या कुशीत दिली तर तिनं हात पुढे केले नाहीत. तिच्या मनानं घेतलं होतं की तिचं मूल गेलं आणि तिला शांत करायला दुसऱ्या कुणाचं तरी आणून दिलंय. ती बाळाला पाजायची, पुसायची, पण दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तशी, ठेवल्या जागी पुन्हा ठेवायची. नवरा रात्रंदिवस बाळाच्या गालावरची खळी तिला दाखवत बसायचा. आता थोडं बरं आहे. परवा तिनं बाळाशी स्वतःहून हात हलवले. काय म्हणालीस म्हणून मी विचारलं नाही.

मी तुला फोन केला होता तेव्हा एवढं सगळं सांगितलं होतं, याहून वाईट शब्दांत. तू ऐकून घेतलंस. तुझा श्वास जड झाला होता, तेही मला कळलं. तू रडत असशील तर मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. पण मग तू जे बोललास ते मी शब्दन् शब्द लिहिते, कारण तुला ते आठवत नसेल. तू म्हणालास, "ताई, तिचा अनुभव फार मोलाचा आहे. पुढच्या बैठकीत तिनं तो मांडावा, तिला घेऊन ये." मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन चूळ भरली. तरी ती चव गेली नाही. बारक्या, तू ज्या आईकडून भाषा शिकलास तिच्याकडूनच शिकलेली ती मुलगी. तिच्या पोटावरचे टाके ओले होते. आणि तुला ते पुढच्या बैठकीसाठी हवे होते, बिस्किटांच्या बशीशेजारी मांडायला. त्यानंतर तुमच्या ऑफिसातून बाळासाठी भेट आली. गुलाबी झबलं, छातीवर त्या पडद्यावरच्या बाईचं हसरं चित्र. वेल्डरनं ते नीट घडी घातलं, आलं त्याच खोक्यात ठेवलं आणि परत पाठवलं. मी असते तर जाळलं असतं. तो माझ्यापेक्षा सभ्य आहे.

मी खूप विचार केला की मला राग कशाचा येतोय आणि किळस कशाची. राग येतो तो यंत्राचा, घाईचा, मोठ्या बाईंचा. अडाण्याचं मला काही वाटत नाही, दवाखान्यात रोज भेटतात, सांगितलं की सुधारतात. किळस येते ती विचारण्याची. आम्हाला न विचारता तुम्ही हे केलं असतं तर आम्ही शिव्या देऊन मोकळे झालो असतो, जन्मभर तेच करत आलोय. तुम्ही विचारलंत. पानाफुलांनी सजवल्यासारखं विचारलंत. आम्ही नेमकं उत्तर दिलं, तुम्हाला ते नेमकं कळलं, आणि तुम्ही ते बाजूला ठेवून फक्त विचारल्याचा फोटो वापरलात. आता कुणी तक्रार केली की तुम्ही सांगता, हे तर त्यांच्याच लोकांनी घडवलंय. आणि तू 'त्यांच्याच' म्हणतोस. तू.

आईला मी बराच काळ सगळं सांगितलं नव्हतं. पडद्याची चूक झाली, खळी घाबरली, एवढंच. पण खळीच्या वागण्यावरून तिनं ओळखलं की आणखी काही आहे, कारण खळी आईच्या हातांकडे बघायची टाळत होती. आई बोलायला लागली की ती मान वळवायची. शेवटी आईनं हट्टच धरला आणि गुडघ्याला पट्टा बांधून माझ्याबरोबर दवाखान्यात आली. भिंतीवरच्या चित्राकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही. थेट आत गेली, परिचारिकेला म्हणाली, जे तिला विचारलं तेच मला विचार. मी नको म्हणत होते. परिचारिका बिचारी कावरीबावरी झाली, पण तिनं विचारलं. पडद्यावरच्या बाईनं हात हलवले. आणि मी पहिल्यांदा नीट बघितलं. आई 'मूल' म्हणताना डावं मनगट किंचित आत वळवते, कडेवर घेतल्यासारखं. दुसरं कुणी तसं करत नाही. 'गेलं' म्हणताना तिची करंगळी सगळ्यांत शेवटी मिटते. बाबा गेल्याचं तिनं आपल्याला सांगितलं होतं ते याच करंगळीनं. ते आईचे हात होते, बारक्या. चेहरा भलत्याच बाईचा, आणि हात आईचे. खळीला ज्या हातांनी जग दाखवलं, त्याच हातांनी तिला सांगितलं होतं की तुझं मूल गेलं. मग तिनं माझ्यावर का विश्वास ठेवावा?

आई खुर्चीवर बसली. पडदा बंद केल्यावरही बसून होती. मग स्वतःचे हात तिनं पदराखाली घेतले, आणि घरी येईपर्यंत बाहेर काढले नाहीत. पुढेही कितीतरी दिवस बोलली नाही. हाका मारल्यासारखी मी तिच्यासमोर हात हलवायचे, ती बघायची आणि नजर वळवायची. खालच्या मजल्यावरच्या बाई काळजीनं वर आल्या, भांड्यांचा आवाज का येत नाही म्हणून. अखेर मास्तर येऊन तिच्यासमोर बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत, तेव्हा तिचे हात बाहेर आले.

आता तुझ्या निरोपाचं उत्तर. तुमच्या त्या पडद्याच्या समारंभात आईनं व्यासपीठावर यावं, तिचा सत्कार व्हावा, तिनं चार वाक्यं बोलावीत आणि तू ती लोकांना सांगावीस, अशी तुझी इच्छा आहे. ती येणार नाही. पण ती बोलणार आहे. मास्तर, वेल्डर आणि बाकीच्यांनी मिळून तक्रार दिली, तिच्यावर आरोग्य खात्यानं चौकशी समिती नेमली, हे तुमच्या ऑफिसात कळलं असेलच. कंपनीच्या बाजूनं तू येणार आहेस हे मला समितीकडून कळलं, आणि त्यांच्या पहिल्या साक्षीदार कोण हे तुला अजून कुणी सांगितलं नसेल. ती आई आहे. परक्या माणसाच्या पत्रानं तुला हे कळू नये, घरातून कळावं, म्हणून एवढं लिहिलं. तिच्यासाठी दुभाषी मी असेन. मी समितीला म्हटलं होतं, मी दोन्हीकडची आहे, दुसरं कुणी बघा. त्यांनी शोधलं, पण तुमच्या पडद्यानंतर या गावात हे काम करणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. आमच्या कामाची रीत तुला ठाऊक आहे. आई 'मी' म्हणेल तिथे मला 'मी' म्हणावं लागेल. ती 'माझा मुलगा' म्हणेल तेव्हा मी तुझ्याकडे बघून मोठ्यानं 'माझा मुलगा' म्हणेन, आणि त्यापुढे ती जे काही म्हणेल तेही म्हणेन, एक शब्द मऊ न करता. तेव्हा दचकू नकोस. तिचं बोलणं झालं की समिती तुला विचारेल, तुम्हाला हे आधी माहीत होतं का. मराठीत उत्तर देणं तुला सोपं जाईल, म्हणजे ते मी तिला खुणांनी सांगायचं आणि तिनं तुझ्याऐवजी माझ्याकडे बघायचं. तसं करू नकोस. जे काय उत्तर असेल ते तिच्याकडे वळून तिला हातांनी दे. तेवढ्यापुरती मी खुर्ची मागे घेऊन बसेन, मी समितीची परवानगी काढून ठेवलीय. तुम्हा दोघांच्या मध्ये त्या वेळी कुणी नसेल.

चीड आली तरी तुझीच,
ताई